बत्तीस पावलं

"भ्या वाटून राहिलं का?"

मैदानात पाऊल टाकलं की कंट्रोलर काकांचा हा पहिला प्रश्न. नमस्कार नाही, चमत्कार नाही. 'वाटतंय' म्हटलं तर पळायची परवानगी, 'नाही' म्हटलं तर आल्या वाटेने घरी. पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत म्हणाले, "न्हाई काका, कायचं भ्या?" तर त्यांनी हातातली काठी आमच्या गल्लीच्या दिशेने केली. "जाय मग. उद्या भ्या घेऊन ये." म्हातारा सटकलेला आहे असं मला वाटलं आणि तसं मी घरी बोलूनही दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी खोटंच भ्याले. पुढे खोटं भ्यायची गरज उरली नाही.

कळमनुरीच्या बसस्टँडवर त्यांची उभी नोकरी गेली. कोणती गाडी आली, कोणती लेट, कोणती रद्द, हे भोंग्यावरून सांगायचं काम. निवृत्त झाल्यावर ते डोंगरकड्याला, आपल्या गावी येऊन राहिले, पण नोकरी काही अंगातून गेली नाही. दोन्ही मनगटांवर घड्याळं असत. डावं वेळापत्रकाचं आणि उजवं खरं, असं ते सांगत आणि दोन्हींत कायम दहा मिनिटांचा फरक ठेवत. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं स्टॉपवॉच. मी एक चक्कर मारून आले की स्टँडवरच्याच आवाजात घोषणा व्हायची, "डोंगरकडा जलद... पहिली चक्कर... तीन सेकंद उशिरा धावत आहे." शेजारच्या हळदीच्या रानातल्या बाया खुरपी थांबवून हसायच्या. मला मात्र त्या आवाजाने धडकी भरायची.

स्वतः ते जन्मात कधी पळाले नव्हते. गाडी डोळ्यांदेखत सुटली तरी पळायचे नाहीत. म्हणायचे, "पुढची हाय की."

आणि भित्रे किती! पालीला भ्यायचे, विजेला भ्यायचे, मोबाइल वाजला की छातीवर हात ठेवून मगच उचलायचे. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर कधी बसायचे नाहीत. नोकरीत असताना नांदेडहून येणारी शेवटची गाडी स्टँडात शिरेपर्यंत त्यांनी डबा उघडला नाही म्हणे. गाडी दोन तास लेट, तर डबाही दोन तास लेट. सकाळी आम्ही पोरी यायच्या आधी ते काठी आपटत सगळं मैदान फिरून ठेवायचे. साप, काच, खड्डा, एखादा दगड. आणि आम्ही रेघेवर उभ्या राहिलो की शिट्टी मारून चक्क पाठ फिरवायचे. पळताना बघवत नाही म्हणायचे. पावलांच्या आवाजावरून बरोबर रेघेवर घड्याळ बंद करायचे, हे मात्र मी शपथेवर सांगते.

पण त्यांचा खरा नाद वेगळाच होता. फाट्यावर चाचांचं चहाचं हॉटेल आहे. तिथे रोज सकाळी आठला एकच वाद चालायचा: जगात आजवर कोणत्या धावपटूचा, एकाच सालातला, सगळ्यात मोठा हंगाम झाला? गावात केळीचे भाव आहेत, लाइटचं रडगाणं आहे, निवडणुका आहेत. ते सगळं सोडून ही तीन माणसं, कधी न पाहिलेल्या परदेशी पोरांवरून हमरीतुमरीवर यायची. शाळेतले गुरुजी एका अडथळ्यांच्या शर्यतीवाल्याच्या बाजूने, कारण तो अख्ख्या हंगामात एकदाही हरला नव्हता. चाचा लांब पल्ल्याच्या माणसाच्या बाजूने. "अरे गुरुजी, तुमारावाला एक मिनिट में घर जाता. मेरावाला दो घंटे भागता. ज्यादा तकलीफ किसकू?"

काका दोघांनाही खोडून काढायचे. "माणूस जल्मभर मोठा नसतो, गुरुजी. एक हंगाम मोठा असतो. तुरीसारखं हाय ते. एखाद्या साली येती, मग दहा सालं नुसत्या काड्या." त्यांचे नियम ठरलेले होते. हंगाम दसऱ्याला सुरू आणि होळीला बंद. तेव्हा तिकडची मैदानं बर्फाखाली असतात असं गुरुजी म्हणाले, तर "तो त्येंचा प्रश्न." दुखणं लपवून पळाला तो बाद. आणि शेवटचा नियम, जिथे रोज गाडी अडायची: जो भ्याला नाही त्याचा हंगाम धरायचाच नाही.

"आता तो भ्याला का न्हाई हे तुमाला काय माहीत?" गुरुजी विचारायचे.

मग काकांच्या खिशातून पेपरातली कात्रणं निघायची. जिंकल्यावर हात वर केलेला एकही फोटो त्यात नव्हता. सगळे शर्यत सुरू व्हायच्या आधीचे, रेघेवर उभे असतानाचे. चहाच्या टेबलावर ते एकेकावर बोट ठेवायचे. "ह्येचे डोळे बघा. भ्यालेला हाय. ह्यो बराबर. आन् ह्यो हसून राहिला. ह्यो बाद."

या नियमामागचं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही. मला चाचांनी सांगितलं. आमच्या आधी पलीकडच्या गावचा एक पोरगा होता. सैन्यात जायचं म्हणून पहाटे नांदेड रोडवर पळायचा आणि काका पुढच्या किलोमीटरच्या दगडापाशी घड्याळ घेऊन उभे राहायचे. पळण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याला गाड्यांची भीती नव्हती. ट्रकवाले मला बघून वळतेत, म्हणायचा. एका धुक्याच्या सकाळी काका दगडापाशी थांबले आणि पोरगा आलाच नाही. लोक पळत त्यांच्याकडे आले तेव्हाही त्यांनी घड्याळ बंद केलं नव्हतं. "आदमी खडा था, और घडी चल रही थी," चाचा म्हणाले आणि ग्लास धुवायला लागले.

तेव्हापासून काकांनी कुणाला रस्त्यावर पळू दिलं नाही. विहाराच्या मागच्या पडीक रानात त्यांनी स्वतःच्या हाताने चुन्याचं मैदान आखलं.

त्या साली माझी पोलीस भरती होती. आठशे मीटर, म्हणजे आमच्या मैदानाच्या दोन चकरा. घरात वसमतकडचं एक स्थळ येऊन बसलं होतं. बाबा केळीचे घड उतरवायच्या कामाला जायचे. माणूस वाईट नव्हता, थकला होता. "ह्या भरतीपुरतं बघू," ते म्हणाले. "झालं तर झालं. न्हाई तर त्या लोकायला आणखी किती थांबवू?" म्हणजे माझं जे काय व्हायचं ते दोन चकरांत व्हायचं होतं. डोळे मिटले की मला चुन्याची रेघ दिसायची.

"भ्या वाटून राहिलं का?"

"लय."

"मग बराबर. पळ."

मैदान आखायची त्यांची एक पद्धत होती. विहिरीवरचा जुना सुती दोर त्यांनी उन्हाळ्यात मिस्त्रीच्या टेपने बरोबर शंभर मीटर मोजून ठेवला होता. असे चार दोर टाकले की एक चक्कर. दर दोराच्या टोकाला एक खुंटी ठोकलेली. पण कोरडा दोर पीळ खातो, वाकडा पडतो, म्हणून आखायच्या आधी ते तो हौदात भिजवायचे. "ओला दोर जिमिनीला धरून बसतो," म्हणायचे. रेघ पुसट झाली की दोर भिजवायचा, ताणायचा, बाजूने चुना सोडायचा. दुसरं टोक धरायला मी असायचे.

त्या मैदानावर मी दसऱ्यापासून पळाले आणि माझा वेळ असा उतरत गेला की माझाच विश्वास बसेना. भरतीत पूर्ण गुण मिळून वर काही उरेल इतका. संक्रांतीला काकांनी हॉटेलात निकाल जाहीर केला. इतक्या वर्षांचा वाद त्यांनी एका वाक्यात मिटवला. "सगळ्यात मोठा हंगाम," ते भोंग्यावरच्या आवाजात म्हणाले, "आपल्या डोंगरकड्याच्या पोरीचा."

गुरुजी हसले. काका भडकले. "हसू नका गुरुजी. बाकीचे हरले तर आपल्या घरी जातेत. ही हरली तर हिला दुसऱ्याच्या घरी जावं लागन. हिच्यावानी भ्याऊन कोन पळालं, सांगा मला एक नाव."

चाचांनी सगळ्यांना फुकट चहा पाजला. दोन दिवसांत गावभर झालं. बाबासुद्धा केळीच्या गाडीपाशी कुणाला तरी सांगत होते आणि मी दिसताच गप्प झाले.

भरतीला पंधरा दिवस राहिले असतील. दुपारी बाबांनी घरातली सैल झालेली बाज अंगणात काढली आणि दोरीवर बादलीभर पाणी ओतलं. आमच्याकडे सगळेच करतात. भिजली की दोरी आवळते, बाज ताठ होते. लहानपणापासून बघत आलेली गोष्ट. "बस बघू," बाबा म्हणाले. मी बसले. बाज डफासारखी ताठ झाली होती. आणि बसल्या जागी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ओली दोरी आवळते. मग ओला दोर काय करतो?

काका फाट्यावर गेलेले होते. त्यांच्या पडवीत खुंटीला दोर टांगलेला असे, वाळून ठणठणीत झालेला. मी तो काढला, रानात नेला आणि चुन्याच्या रेघेवरून ओढला. दोर खुंटीच्या पुढे गेला. चार पावलं पुढे. दुसऱ्या खुंटीला टाकला, तिथेही चार. एका चकरेला सोळा, दोन चकरांना बत्तीस.

बत्तीस पावलं म्हणजे काय, ते पळणाऱ्यालाच कळेल. दुसऱ्या चकरेच्या शेवटी छाती फुटायला येते, त्याच्या नंतरची ती बत्तीस पावलं. माझा जगातला सगळ्यात मोठा हंगाम तेवढ्याने आखूड होता. मी त्या रानात एकटी उभी होते.

दोर परत टांगला आणि पडवीतच थांबले, आल्याबरोबर सांगून टाकायचं म्हणून. काका आले ते हातात माझा फोटो घेऊन. गुरुजींनी मोबाइलवर काढून छापून दिला होता, रेघेवर उभी असतानाचा. "बघ, डोळे कसे भ्यालेत," ते खूश होऊन म्हणाले आणि त्यांनी तो परदेशी कात्रणांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला. या माणसाने एकदा घड्याळ धरलं आणि पोरगा गेला. आता दोरही चुकला असं कळलं तर हा पुन्हा कुणासाठी शिट्टी मारणार नाही, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर इतका थोर विचार मी नंतर केला. तेव्हा एवढीच भीती होती, की गोष्ट बाबांच्या कानावर गेली तर ते वसमतला होकार कळवून मोकळे होतील.

मी गप्प बसले आणि एक युक्ती केली. रेघेपुढे बत्तीस पावलं मोजली, तर तिथे एक वाळकी बाभूळ निघाली. दुसऱ्या दिवसापासून मी रेघेवर थांबायचं सोडलं. तशीच पुढे पळत जाऊन बाभळीला हात लावायचे, मग थांबायचे. काकांनी विचारलंच तर सांगणार होते, पाय एकदम थांबत नाहीत म्हणून. त्यांनी विचारलंच नाही.

पण त्या पहिल्याच सकाळी घोषणा झाली. "डोंगरकडा जलद... सहा सेकंद उशिरा धावत आहे." दुसऱ्या दिवशीही तेच. मला कळेना. रेघेपर्यंत तर मी रोजच्यासारखीच पळत होते. म्हणजे मी संपत चालले होते. रेघेवरच इतका उशीर, तर पुढच्या बत्तीस पावलांचं काय? भ्यालेल्या माणसाला सरळ विचार सुचत नाही. रात्री भाकरीचा घास गिळवेना. सकाळी मी जीव खाऊन पळायचे. वसमतचा तो मुलगा कसा होता कोण जाणे, मी त्याला बघितलाही नव्हता. पण पंधरा दिवस त्याच बिचाऱ्यापासून पळाले.

काकाही बदलले होते. शिट्टी मारल्यावर पाठ फिरवत नव्हते, माझ्याकडे टक लावून बघत राहायचे. चुना पुसट झाला तरी त्यांनी दोर भिजवायला काढला नाही. आणि सकाळचा तो प्रश्न विचारायचंच त्यांनी सोडलं. काठी आपटत मैदान फिरायचे आणि नुसतं "पळ" म्हणायचे. मला तो प्रश्न कधी आवडला नव्हता, पण तो बंद झाला तेव्हा फारच धास्ती वाटली. डॉक्टर बोलायचा थांबला की पेशंटला वाटते तशी.

त्यातच त्यांनी हॉटेलात निकाल मागे घेतला. "वाद चालू," ते म्हणाले. "पोरीचा हंगाम मी धरत न्हाई. आत्ताच न्हाई." गुरुजींनी कारण विचारलं तर चहा तसाच ठेवून उठून गेले. चाचांनी मला हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्या हॉटेलामागे जाऊन रडले. म्हटलं, मी संपले ते म्हाताऱ्यालाही दिसलं.

शेवटच्या सकाळी काकांनी सांगितलेला आकडा पूर्ण गुणांच्या अगदी काठावर होता. रेघेपर्यंतच काठावर, तर खऱ्या मैदानात आपण गेलोच, असं समजून मी हिंगोलीच्या गाडीत बसले. काका शेजारी. कळमनुरी येईपर्यंत ते दोन्ही घड्याळांकडे आळीपाळीने बघत होते.

भरतीच्या मैदानात त्यांना आत सोडलं नाही. ते भिंतीपलीकडे राहिले. छातीवर नंबर लावून मी रेघेवर उभी राहिले तेव्हा माझे दात एकमेकांवर आपटत होते. शिट्टी झाली. पहिली चक्कर कशी गेली आठवत नाही. दुसरी संपत आली आणि ती जागा आली, जिथे आमच्या रानात चुन्याची रेघ असते. छाती तिथेच फुटली, रोजच्यासारखी. माझ्या बाजूच्या दोघी तिथेच ढिल्या पडल्या. पुढचं मैदान मला दिसलंच नाही. मला बाभूळ दिसली. मी तिला हात लावायला गेले.

घड्याळ धरलेल्या पोलीस मॅडमनी वेळ वाचून दाखवला. पूर्ण गुण. आणि मी मटकन खाली बसले. आनंदाने नव्हे. तो आकडा मी आधी ऐकलेला होता. आमच्या रानातल्या शेवटच्या सकाळी काकांनी भोंग्याच्या आवाजात सांगितला होता, तोच. सेकंदाचाही फरक नाही. म्हणजे गेले पंधरा दिवस ते रेघेवर घड्याळ बंद करत नव्हते. माझा हात बाभळीला लागला की करत होते.

यादी लागली, मी लागले. बाबांनी स्वतः वसमतला फोन केला, जय भीम घातला आणि "पोरगी आता कमावती हाय, तिलाच विचारावं लागन" असं इतक्या थाटात सांगितलं, की जसं काही तेच पळाले होते. त्याच दिवशी काकांनी चाचांच्या हॉटेलात सगळ्यांपुढे दोराची गोष्ट सांगितली. "जल्मभर दुसऱ्याच्या लेट गाड्या सांगितल्या. आज माझी सांगतो." ऐकून कुणीच हसलं नाही. गुरुजींनी हळूच विचारलं, मग आता निकाल काय? काका म्हणाले, "ज्येचा दोर खोटा, त्येनं निकाल द्यायचा न्हाई."

आता काका नाहीत. चाचा आणि गुरुजी अजून भांडतात आणि मी सुट्टीला आले की निकाल माझ्याकडे मागतात. मी देत नाही. माझ्या मनात एक हंगाम आहे, पण तो माणूस जन्मात कधी पळाला नव्हता. गुरुजी हसतील.

भरतीच्या दिवशी आम्ही दुपारच्या गाडीने परत आलो, फाट्यावर उतरलो आणि मी काकांना हॉटेलात जाऊ दिलं नाही. त्यांच्या पडवीतून दोर घेतला आणि त्यांना सरळ रानात नेलं.

"कधी कळलं तुमाला?"

"तू दोर उलटा गुंडाळला व्हतास," ते म्हणाले. "मी डावीकडनं गुंडाळतो. म्हणलं, दोराला कोनी हात लावला. मंग त्याच सांजच्याला मी बी टाकून बघितला. दुसऱ्या दिशी तू बाभळीकडं पळाली. समजलो, पोरीनं मोजलं."

"मंग मला सांगितलं काहून न्हाई?"

ते काठीने चुना खरवडायला लागले. "सांगितलं असतं तर तू इचारली असतीस, काका, आता कसं? आन् मला जवाब येत नव्हता."

"आन् सकाळचं इचारायचं काहून सोडलं?"

"तू मलाच उलटं इचारलं असतं तर?"

त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. उन्हात ते उभे होते, दोन मनगटांवर दोन घड्याळं आणि गळ्यात बुटाची नाडी. शर्यत संपून चार तास झाले होते, तरी या माणसाची भीती अजून घरी पोचली नव्हती. पण मी विचारलंच.

"काका, भ्या वाटून राहिलं व्हतं का?"

"लय," ते म्हणाले. "त्या पोराची वाट बघताना वाटलं, त्याच्याहून जास्त."

"मग बराबर," मी म्हणाले, आणि कोरड्या दोराचं माझं टोक धरलं.